धुण्याची खोली

कोर्टाने मला एकशे वीस तास दिले
आणि ओडेलिया बाका हिने धुण्याची खोली.
"कुत्र्यांची भीती?"
"नाही."
"माणसांची?"
मी गप्प.
"मग इथेच बरा," म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.

काउंटीचं हे प्राणिघर महामार्गाच्या खालच्या अंगाला,
टायरच्या गोदामाला लागून.
न्यू मेक्सिकोची बारीक माती दाराच्या फटीतून आत येते,
झाडली की पुन्हा येते,
भाडं मागायला आल्यासारखी.
दोन मशिनं. एक चालतं.
दुसऱ्यावर चिकटपट्टीने कागद:
लाथ मारायचीच तर डाव्या बाजूला.

इथे मला गाव कळतं ते कापडांवरून.
मोटेलचे टॉवेल, निळा शिक्का विटलेला.
शाळेच्या संघाचे, एकही सामना न जिंकलेल्या वर्षाचे.
बदकांची एक दुलई;
जिच्या बारशाला शिवली ती पोरगी आता
दर गुरुवारी येऊन मांजरांची नखं कापते.
एकदा पिशवीत सात फ्लॅनेलचे शर्ट,
पुरुषाचे, इस्त्री केलेले.
चिठ्ठी नाही.
बटणं काढावी लागतात, पिल्लं गिळतात.
तेवढी काढली. डबीत ठेवली.
कुणी मागायला आलंच तर.

सातला होलिस याझी खाद्याची पोती उतरवतो
आणि छत्तीस पिंजरे एकदम भुंकतात,
पत्र्यावर गारा पडाव्यात तसे.
मग गारा विरतात. एखादीच उरते.
प्रुइटबाई, बस चालवून निवृत्त झालेल्या,
चौदा नंबरपुढे खुर्ची टाकून
आपला जुना मार्ग म्हणत बसतात:
पोस्ट, दवाखाना, गिरणी, पूल.
चौदात स्पॅनर. (या महिन्यात नावं हत्यारांची.)
वय तेरा, एका डोळ्यात दूध साकळलेलं.
पूल आला की शेपटी एकदाच हलते.
कधी कधी प्रुइटबाई पूल दोनदा घेतात.

ऑगस्टात एरास्मो लुसेरो आला,
दोरीला चिचा.
"सोडायला आलोय," म्हणाला, तिच्याकडे न बघता.
ओडेलियाने फॉर्म पुढे केला नाही.
"ठेवायची म्हटली तर काय लागेल?"
तो टोपी फिरवत राहिला.
मग एकेक निघालं: कुंपण पडलंय,
ती रस्त्यावर जाते, दोनदा दंड,
दंड भरला तर गॅस राहतो.
ओडेलियाने लिहिलं: तार. खांब सहा. माणसं दोन. शनिवार.
कागद दारावर लावला.
शुक्रवारपर्यंत खांब आठ झाले,
त्यातला एक वाकडा. तोही पुरला.
मीही गेलो; तास मोजतात म्हणून गेलो.
जमीन विटेसारखी. पहार वाजायची, रुतायची नाही.
दुपारी एरास्मोने हिरव्या मिरचीचा रस्सा वाढला,
सगळ्यांची तोंडं पोळली
आणि एकानेही पाणी मागितलं नाही.
आमची करडी घोंगडी चिचाने सोडलीच नाही,
तिच्यावरच बसून राहिली. राहू दिली.

दरवेळी असं होत नाही.
एखाद्या संध्याकाळी मागच्या खोलीतून
एकच चादर येते.
ती ओडेलिया स्वतः मशिनात टाकते,
मला हात लावू देत नाही.
मी ड्रायरच्या जाळीवरचे केस काढत बसतो,
काळे, तांबूस, पांढरे, एका गादीत मिसळलेले.

परवा एरास्मो घोंगडी परत घेऊन आला.
धुतलेली, चार घड्यांची,
उन्हात दोरीवर वाळून कडक झालेली.
वास आमच्या साबणाचा नव्हता.
इथे स्वच्छ होऊन आलेली ही पहिलीच.
नियम असा की बाहेरून आलेलं सगळं पुन्हा धुवायचं.
नियम तो नियम. धुतली.
पण एकटीच धुतली, मशिनभर पाण्यात,
आणि तो अर्धा तास
तासांच्या कागदावर लिहिला नाही.